एका दाढेची डागडुजी

चिखलदऱ्याला श्रावणात जाणाऱ्या माणसाने आपल्या डोळ्यांवर फारशी भिस्त ठेवू नये. दरीच्या काठावर लोखंडी कठडा असतो, त्याला रेलून छत्र्या सावरीत उभी राहिलेली अकोल्याची, बडनेऱ्याची, दर्यापूरची कुटुंबे असतात, त्यांतील एखादा वडीलधारा पुरुष 'समोर गाविलगड आहे' असे सांगून बोट दाखवितो, आणि बोटाच्या टोकापलीकडे जे काही असावयाचे ते सारे धुक्याने जप्त केलेले असते. सातपुड्याच्या या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर उंचीवर, 1823 साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन येऊन पोहोचला आणि तेव्हापासून हे थंड हवेचे ठिकाण झाले, असे सरकारी दप्तर सांगते. भीमाने कीचकाला मारून याच दरीत लोटून दिले आणि कीचकदऱ्याचा पुढे चिखलदरा झाला, असे लोक सांगतात. श्रावणातील धुके या दोन्ही दाखल्यांकडे सारख्याच उदासीनतेने पाहते. पाहण्यासारखे काही उरले नाही की माणूस खाण्याकडे वळतो, आणि देवी पॉइंटच्या वाटेवर प्लास्टिकच्या छपराखाली निखारे फुलवून बसलेल्या बाया हे मर्म चांगले ओळखून असतात.

"कवळंच हाये भाऊ, लोन्यावानी," असे म्हणून त्यांतील एकीने लिंबू-तिखट चोळलेले कणीस माझ्या हातात दिले. कणीस खरोखरच कोवळे होते. तरीही तिसऱ्या-चौथ्या घासाला डोक्याच्या आत कोठेतरी एक कडकन् आवाज झाला. हा आवाज कानांनी ऐकावयाचा नसतो; तो कवटीला कळतो, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याची गंधवार्ताही नसते. मग जीभ लगबगीने त्या जागी गेली आणि तिने आपल्या स्वभावाप्रमाणे अतिशयोक्त अहवाल आणला: डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची आतली अर्धी भिंत ढासळली असून तेथे एक खोल दरी उत्पन्न झाली आहे, आणि दरीच्या कडा धारदार आहेत. आरशात पाहिले तेव्हा ती दरी मसुराच्या दाण्याएवढी निघाली. परंतु आपल्या मुखातील घडामोडींच्या बाबतीत आरशापेक्षा जिभेवर विश्वास टाकण्याची खोड मनुष्यजातीला आहे, आणि पुढचे काही दिवस मी त्या दरीच्या काठावरच वास्तव्य केले असे म्हणावयास हरकत नाही.

माझ्याबरोबर माझे काका होते. महसूल खात्यात सारी हयात घालवून ते अचलपुरास स्थायिक झाले आहेत, आणि त्यांच्या मुखातील यच्चयावत् दात रात्री पाण्याच्या वाटीत विश्रांती घेतात. त्यांनी माझ्या दाढेचा पंचनामा कंदिलाच्या उजेडात केला आणि निकाल तत्काळ दिला. "काढून टाक. गेलं ते गेलं." त्यांच्या पिढीचा दातांशी असलेला व्यवहार असा रोखठोक होता. दाढ ठणकू लागली की लवंगेचे तेल, तेवढ्याने न भागले तर रिंगणीच्या बियांची धुरी, आणि त्याहीपुढे गेले तर पक्कड. ती धुरी देणारा माणूस धूर तोंडात गेल्यावर खाली धरलेल्या पाण्यात पडलेले पांढरे किडे दाखवीत असे, आणि रोग्याचे अर्धे दुखणे ते किडे पाहूनच जात असे. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांचेच अंकुर, हे कळूनही कोणाचा विश्वास ढळला नाही. आपल्या आयुर्वेदाने या व्याधीला कृमिदंतक म्हटले, आणि 1728 साली पॅरिसच्या प्येर फोशार्ने दंतवैद्यकावरील आपल्या ग्रंथात, मला दातात कधी किडा आढळला नाही, असे नमूद करीपर्यंत युरोपही दातातल्या किड्याला भीतच होते. काकांना मी हे सांगितले. "मंग ठणकते काय?" असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या प्रश्नात जो जिव्हाळा होता तो फोशार्च्या उत्तरात मला तरी सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून परतवाड्याला गेलो. तेथील दंतवैद्य बाई वयाने तरुण, बोलण्यात अत्यंत शांत. त्यांनी लहानसा आरसा आत घातला, एक्सरे काढला, आणि म्हणाल्या, "काका, भराव शाबूत आहे. भिंतच पडली." कॉलेजच्या दिवसांत भरून घेतलेली चांदी (पारा आणि चांदी यांच्या त्या काळ्याकरड्या मिश्रणाला आपण सारे चांदीच म्हणतो) जशीच्या तशी उभी होती, आणि जिला वाचविण्यासाठी ती भरली ती दाढच तिच्याभोवतून गळून पडत होती. भराव दाढेला चिकटलेला नसतो, तो आत केवळ अडकलेला असतो. प्रत्येक घासागणिक तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंच्या भिंतींना किंचित रेटतो, आणि अनेक वर्षांच्या या रेट्याने जी भिंत आधीच पातळ झालेली असते ती एके दिवशी लोण्यासारख्या कणसाचे निमित्त करून कोसळते. कणीस भाजणाऱ्या बाईंची मी मनोमन क्षमा मागितली.

यानंतर बाईंनी मला जे समजावून सांगितले ते ऐकताना दुखण्याचा मला काही काळ विसर पडला. दाढेच्या माथ्यावर चार-पाच शिखरे असतात आणि त्यांच्यामधून घळी गेलेल्या असतात. हा सातपुड्याचा नकाशा प्रत्येकाच्या तोंडात आहे. कीड घळीपुरती असेल आणि शिखरे बळकट असतील, तर त्यांच्या मधल्या जागेत नेमका बसणारा एक तुकडा बाहेर घडवून आणतात आणि आत चिकटवितात; तो इनले. शिखरच ढासळले असेल किंवा ढासळण्याच्या बेतात असेल, तर तुकडा असा घडवावा लागतो की तो घळ भरून काढीलच, शिवाय त्या शिखरावर चढून त्याला वरून आपल्या कवेत घेईल, तो ऑनले. दोहोंत केवळ आकाराचा फरक आहे असे प्रथम वाटते, परंतु मर्म त्या कवेत आहे. दुबळ्या भिंतींच्या मध्ये बसविलेला इनले पुन्हा पाचरच ठरावयाचा. ऑनले मात्र घासाचा भार वरून घेतो आणि भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. सर्वांत सोपी म्हणून लोक जी कॅप मागतात तिच्यासाठी दाढ चारी बाजूंनी तासावी लागते, म्हणजे पडक्या घराबरोबर नांदते घरही पाडावयाचे. "जेवढं राहिलंय तेवढं राहू देऊ," असे बाई म्हणाल्या. गेलेल्याचे मोजमाप करीत बसणाऱ्या मला हे उरलेल्याचे मोजमाप नवीन होते.

त्यांच्या बोलण्यातील आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. चांदी मऊ असताना आत दाबतात आणि ती तेथेच कठीण होते. म्हणून तिच्यासाठी कोरलेला खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी किंचित रुंद ठेवतात, म्हणजे आत गेलेली चांदी पुन्हा निसटत नाही. इनले आणि ऑनले बाहेरून पूर्ण आकार घेऊन येतात. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या भिंती वर उमलत्या, काही अंशांनी बाहेर झुकलेल्या कराव्या लागतात. आत एखादाही कोनाडा राहिला तर घडविलेला तुकडा दारातच अडेल. म्हणून निरोगी दाढेचाही थोडासा भाग कोरून वाट मोकळी करून द्यावी लागते. आपल्यातच राहून कठीण होणाऱ्याला धरून ठेवण्यासाठी आतून पसरावे, आणि घडून येणाऱ्याला घेण्यासाठी दारात रुंद व्हावे, हा भेद बाईंनी फळ्यावर आकृती काढावी तसा कागदाच्या पाठीवर काढून दाखविला. तो कागद एका औषध कंपनीच्या जाहिरातीचा होता. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

मोडली ती दाढ कोणती, हेही त्यांनीच सांगितले. पक्क्या दातांपैकी सामान्यतः सर्वांआधी येणारी ही दाढ, वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दातांच्या पाठीमागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. समोरचा दात पडला म्हणजे घरात केवढा सोहळा होतो! तो कौलांवर फेकावयाचा की उंदराच्या बिळात टाकावयाचा यावर आजी नि आई यांच्यात मतभेद होतात, शेजारची मुले पाहावयास येतात. ही दाढ मात्र आगतस्वागताविना येते. आईबाप तिला दुधाचीच समजतात, 'पडेल नि दुसरी येईल' म्हणून दुर्लक्षितात, आणि पुढे साऱ्या जन्माचे चर्वण जिच्या माथी यावयाचे तीच सर्वांत आधी किडते. दाताच्या बाह्य कवचासारखा कठीण पदार्थ मानवी देहात दुसरा नाही. वजनाने शेकडा पंचाण्णवांहून अधिक ते खनिजच असते. परंतु हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, आणि हे कवच एकदा गेले की देह त्याच्या बाबतीत हात वर करतो, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. येथून पुढे जे काय करावयाचे ते दुसऱ्याच्या हातांनी.

आणि ते हात फार पुरातन आहेत. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके आढळली, हे 2006 साली प्रसिद्ध झाले. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या होत्या. म्हणजे ती माणसे भोके पाडल्यावर जगली, जेवली. स्लोव्हेनियातील लोंचे येथील सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यात एक तडकलेला सुळा मधमाश्यांच्या मेणाने बुजविलेला आहे. ते मेण जिवंतपणी भरले की मृत्यूनंतर, हे संशोधकांना ठरविता आलेले नाही. मला स्वतःला ते जिवंतपणीच भरले असे वाटते, आणि या मताला माझ्या त्या वेळच्या ठणक्यापलीकडे पुरावा नाही.

बाईंनी माप घेतले. जबड्याच्या आकाराच्या पात्रात रबरासारखा एक लगदा भरून तो दातांवर दाबून धरला, आणि काही मिनिटांनी काढला तेव्हा त्यात माझ्या दाढेचा अभाव उमटलेला होता. जेथे खड्डा तेथे उंचवटा, जेथे शिखर तेथे घळ. ते माप अमरावतीच्या प्रयोगशाळेत जावयाचे, तेथे तुकडा घडावयाचा. तोवर तात्पुरत्या सिमेंटने दरी बुजवून मला परत चिखलदऱ्याला धाडण्यात आले. त्या मुदतीत उजव्या बाजूने जेवीत आणि डाव्या बाजूचा विचार करीत मी गाविलगडावर हिंडलो.

गडावर जाताना एके सकाळी धुके अकस्मात फाटले आणि तट दिसला. अहमदशाह बहमनीने 1425 साली येथे बांधकाम केले. पुढे वऱ्हाडची इमादशाही उभारणाऱ्या फतहुल्ला इमादुल्मुल्कने 1488 साली तट पुन्हा मजबूत केला. हा फतहुल्ला विजयनगरकडील ब्राह्मण कुळात जन्मलेला, लहानपणी कैद होऊन बाटलेला. आणि दिल्ली दरवाजावर जो दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे तो त्याच्या त्या विस्मृत मायदेशाचा असावा, असे मला तेथे उभे असताना वाटले. 1577 साली बहराम नावाच्या किल्लेदाराने आणखी डागडुजी करून आपल्या नावाचा बुरूज उभारला, त्यावर फारशी लेख कोरला. म्हणजे हा तट कोणा एकाचा नाही. तो जागोजाग पडत आणि जागोजाग भरला जात आला आहे, आणि निरनिराळ्या शतकांचे दगड एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. कोठला दगड बहमनीचा नि कोठला इमादशाहीचा हे सांगावयास पुरातत्त्व खात्याचा जाणता माणूस पाहिजे. मला ते सारे सारखेच शेवाळलेले दिसले.

शेवटचे खिंडार मात्र कोणी भरले नाही. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन या गडापुढे आले. दक्षिणेकडचा कडा अवघड म्हणून स्टीव्हन्सनने डोंगरातून रस्ता फोडीत, माणसांच्या हातांनी तोफा ओढीत, उत्तरेकडून लबाडा गावाच्या बाजूने मोर्चे लावले. 15 तारखेला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. आतला तट अभंग होता. कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने त्याला शिड्या लावल्या आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले. इतिहासात जे नाव मिळावयाचे ते वेलस्लीला मिळाले, आणि बारा वर्षांनी, ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन, त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. येथपर्यंत शाळेतल्या पुस्तकात असते. त्या रणांगणावर पडलेल्या हजारो तरुण सैनिकांचे दात लुटारूंनी पकडीने उपटून पोत्यांनी विकले, ते हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दाताच्या पट्टीवर बसवून त्यांच्या कवळ्या झाल्या, आणि लंडनमधील धनिक वर्ग पुढे कित्येक वर्षे 'वॉटर्लूचे दात' लावून भोजनास बसत होता, हे शाळेतल्या पुस्तकात नसते. ज्या हाताने गाविलगडचे दार उघडले त्याच हाताच्या विजयाने इंग्लंडच्या कवळ्यांना माल पुरविला. तटावरच्या ओल्या गवतात बसून मी हे काकांना सांगितले. त्यांनी आपली कवळी जिभेने किंचित हलवून पाहिली आणि ती परतवाड्याची असल्याची खातरजमा करून घेतली.

परतताना मोथा गावाच्या अलीकडे एक कोरकू मुलगा मधाच्या बाटल्या घेऊन बसला होता. मेळघाटच्या कड्यांवरचे आग्या मोहोळ काढावयाचे तर रात्री धूर करावा लागतो, दोरावर लोंबकळावे लागते. त्या मधाला करपट धुराची एक छटा असते, आणि मला ती फार आवडते. मध घेतला आणि लक्षात आले की माझ्या दाढेच्या प्रकरणात मधमाशी दोन्ही पक्षांकडून साक्ष देणार आहे. मधाचा गोडवा दाताला बाधतो हे सांगावयास वैद्य नको. परंतु इनले नावाची वस्तू आजच्या नेमक्या रूपाला आली ती मेणामुळे. शिकागोच्या विल्यम टॅगार्टने 1907 साली न्यूयॉर्कमध्ये दंतवैद्यांपुढे आपली रीत मांडली: कोरलेल्या खड्ड्याचा आकार मेणात घ्यावयाचा, ते मेण ओल्या चुनखडी-वाळूसारख्या लेपात पुरावयाचे, लेप वाळवून तापवावयाचा म्हणजे मेण वितळून जळून जाते, आणि मेणाने सोडलेल्या रिकाम्या जागेत दाबाने वितळलेले सोने लोटावयाचे. थंड होताना सोने शेकडा दीड भागाच्या आसपास आकसते, म्हणून लेप तितकाच प्रसरण पावेल असा योजावा लागतो. हा हिशेब बसवावयास दंतवैद्यांना पुढे बरीच वर्षे लागली. टॅगार्टने आपल्या रीतीचे पेटंट घेतले होते. खटला झाला, आणि आयोवा संस्थानातील फिलब्रूक नावाच्या एका अप्रसिद्ध दंतवैद्याने हीच रीत दहा-एक वर्षे आधी सांगून ठेविली होती असे निघाल्याने ते पेटंट टिकले नाही.

न्यायाधीशांस कल्याणीच्या चालुक्यांची माहिती असती तर फिलब्रूकचाही दावा फेटाळला गेला असता. बाराव्या शतकातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मधुच्छिष्टविधान सांगितले आहे: मूर्ती आधी मेणाची करावी, तिला मातीचे लेप द्यावे, तापवून मेण काढून घ्यावे आणि त्या पोकळीत धातू ओतावा, सोन्याची मूर्ती करावयाची तर सोने मेणाच्या सोळा पट घ्यावे. देव घडविण्याची ही रीत आणि दाढ घडविण्याची रीत यांत तत्त्वतः कोणताही फरक नाही. दोन्ही ठिकाणी जे आधी हळुवार हातांनी घडविले ते नाहीसे होते, आणि त्याच्या नाहीसे होण्याने जी जागा मोकळी होते तिच्यात टिकाऊ वस्तू येऊन बसते. मेणाचे नाव मात्र कोठल्याही मूर्तीच्या पायाशी कोरलेले नसते.

सोन्याचा इनले दाढेत पन्नास-पन्नास वर्षे टिकल्याच्या हकिकती दंतवैद्य सांगतात. सोने ना गंजते ना तडकते, आणि समोरच्या दाताला ते काचेसारखे झिजवीत नाही. मरणासन्न माणसाच्या तोंडात तुळशीपत्र, गंगाजल नि सोन्याचा कण घालावयाची आपली चाल आहे. ज्याच्या दाढेत आधीपासूनच सोने आहे त्याने त्या शेवटच्या धावपळीतून नातलगांची थोडी सुटका केली असे म्हणावे लागेल. दातांतले सोने कधी कधी माणसाचा दाखलाही होते. 1194 साली चंदावरच्या लढाईत कनोजचा जयचंद पडला, आणि रणात विच्छिन्न झालेल्या प्रेतांमधून त्याचे प्रेत ओळखले गेले ते हलू लागलेले दात सोन्याच्या तारेने आवळलेले होते यावरून, असे इब्न अल-असीर लिहितो. मुकुट, छत्र, हत्ती, सारे निरुपयोगी ठरले. ओळख पटविली ती म्हातारपणाच्या एका डागडुजीने.

म्हणून दुसऱ्या खेपेस मी बाईंना विचारले, "सोन्याचे करता येईल काय?" त्या हसल्या. "येईल, पण हल्ली कोणी मागत नाही, काका. सगळ्यांना दातासारखा दात हवा असतो." 1955 साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाताचे कवच सौम्य खडबडीत करावयास फॉस्फरिक आम्ल वापरले, आणि त्या खडबडीत पृष्ठभागाला राळ चिकटू लागली, तेव्हापासून वस्तू दातात अडकवून ठेवण्याऐवजी दाताला जोडण्याचा मार्ग खुला झाला. 1985 साली झुरिकमध्ये वेर्नर म्योर्मान यांनी पहिला सिरॅमिक इनले यंत्राने कोरून एका बैठकीतच रोग्याच्या दातात बसविला. परतवाड्याहून अजून माप अमरावतीस जाते. ती आठवडाभराची प्रतीक्षा चुकली असती तर मला गाविलगड दिसला नसता, हे मी यंत्राच्या विरुद्ध नोंदवून ठेवतो.

सिरॅमिकचे ठरले तेव्हा बाईंनी कपाटातून नखाएवढ्या पांढऱ्या पाकळ्यांची एक पट्टी काढली. एकेका पाकळीवर एकेक अक्षर आणि आकडा, आणि शुभ्रतेच्या अशा एकूण सोळा छटा. एकेक पाकळी माझ्या दातांशी धरून, खिडकीतल्या ढगाळ उजेडात, त्या मान कलती करून पाहत होत्या. कुंदकळ्यांची उपमा देणाऱ्या कवींनी ही पट्टी पाहिली नव्हती हे साहित्याचे भाग्य. "ए-साडेतीन," असे त्यांनी जाहीर केले. सोळांमध्ये ती बरीच पिवळी, चहा-सुपारी-वार्धक्य यांची छटा. म्हणजे अमरावतीत माझ्यासाठी जो अगदी नवा तुकडा घडणार होता तो जन्मतःच जुना असावयाचा होता, आणि कोणाला त्याचा नवेपणा कळू नये याची काळजी घेतली जाणार होती.

येथे मला थोडी अडचण वाटली. 1964 साली व्हेनिसमध्ये जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी प्राचीन इमारतींच्या जतनासाठी जी सनद केली तिच्या बाराव्या कलमात असे आहे की पडलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग समग्राशी सुसंगत असावा, परंतु तो मूळच्यापासून वेगळा ओळखू येईल असाही असावा, म्हणजे डागडुजी कला किंवा इतिहास यांचा खोटा पुरावा होणार नाही. दुरुस्ती लपवू नये, एवढेच त्याचे तात्पर्य. त्या कसोटीला सोने उतरते: ते दाढेशी जमवून घेते आणि आपण दाढ असल्याचे सोंग आणीत नाही. सिरॅमिक त्या कसोटीला उतरत नाही. बहराम किल्लेदारही दुरुस्ती करून थांबला नाही, त्याने सन घालून लेख कोरला. मी ए-साडेतीनच्या कागदावर सही करीत होतो, आणि ती दाढ कोणाच्याही दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता. मला सोन्याचा सोस होता की प्रामाणिकपणाचा, हे त्या खुर्चीत उताणे पडून ठरविणे कठीण होते.

तुकडा आला. तोंडातून तात्पुरते सिमेंट निघाले, दाढेवर आम्ल, मग पाणी, मग हवेचा फवारा, मग राळ; तुकड्याच्या आतल्या अंगालाही त्याचे निराळे संस्कार झाले होते. निळ्या प्रकाशाची एक कांडी काही क्षण धरली आणि दोन वस्तू एक झाल्या. मग बाईंनी निळा कागद दातांत धरावयास सांगितला. "चावा. घासा. उंच लागतंय?" उंच लागत होते. केसाच्या जाडीहूनही कमी उंचवटा दातांना कळतो. ज्या मनुष्याला आपले भाषण अर्धा तास लांबल्याचे कळत नाही त्यालाही हे कळते. कागदाने दाखविलेले निळे ठिपके त्यांनी एकेक घासून काढले आणि वरच्या दाढेने, जिला या साऱ्या व्यवहारात कोणी विचारले नव्हते, अखेर नव्या शेजाऱ्याला मान्यता दिली.

निघताना मी सहज विचारले, "हा रंग असाच राहील ना?" बाई म्हणाल्या, "याचा राहील. तुमच्या बाकीच्या दातांचा नाही राहणार. वयाबरोबर ते आणखी पिवळे पडतात."

परतवाड्याच्या बाजारात संत्र्यांच्या ट्रकमुळे गाडी अडकली तेव्हा या उत्तराचा अर्थ माझ्या ध्यानात आला. तुकड्याला आज माझ्या वयाचे केले आहे; परंतु वय मी एकटाच वाढविणार आहे. दहा-पंधरा वर्षांनी भोवतालचे दात आणखी मावळलेले असतील आणि ती एक दाढ ए-साडेतीनवरच तारुण्यात राहिलेली असेल, म्हणजे बाराव्या कलमाची अंमलबजावणी माझ्या मुखात कोणाच्याही हुकुमाविना आपोआप होईल. मी हे मोठ्या समाधानाने काकांना समजावून सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि खिडकीबाहेर पाहत विचारले, "मंग तवा काय कराचं? त्याले जुनं कराचं का बाकीच्याइले नवं?" ट्रक हलला, आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवावयास सुरुवात केली.